जाळीची टोपी

१

ग्योसाकुकाका आपल्या अंगणात हेबोच्या पेट्यांपाशी पालथे पडलेले सापडले. एका पेटीचं झाकण उघडं होतं, माश्या घोंघावत होत्या आणि काकांच्या डोक्यावर जाळीची टोपी नव्हती. टोपी सापडली ती घरात, त्यांच्या सुनेच्या मांडीवर. जाळी फाटलेली होती आणि सुमिकाच्या हातात सुई होती.

एवढ्यावर गावाने निकाल देऊन टाकला.

मी फुमिए. आमचे हे कोमानोचे एकुलते एक पोलीस. चौकी आणि आमचं घर एकाच छपराखाली, त्यामुळे तक्रार घेऊन येणारा आधी माझ्या हातचा चहा पितो आणि खरं काय ते ह्यांच्या आधी मला सांगून मोकळा होतो. ह्यांना ते आवडत नाही. चालायचंच.

हेबो म्हणजे जमिनीत पोळं करणारी काळी, बारकी गांधीलमाशी. उन्हाळ्यात आमचे पुरुष तिची लहान पोळी डोंगरातून काढून आणतात, लाकडी पेट्यांत ठेवून कोंबडीच्या काळजाचे तुकडे चारतात आणि शरदात कोणाचं पोळं सर्वांत जड ते तराजूवर ठरतं. मग अळ्या भातात घालून सगळे मिळून खातात. ग्योसाकुकाकांना तराजूवर हरवणं कित्येक वर्षांत कोणाला जमलं नव्हतं. यंदाची स्पर्धा येत्या रविवारी होती.

रुग्णवाहिकेच्या आधी गावच्या दवाखान्यातल्या होरिबे डॉक्टरबाई पोचल्या. साठीच्या, काटकुळ्या, बोलायला तिखट. त्यांनी काकांना कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला. पाठ, खांदे, मांड्या, सगळीकडे टम्म फुगलेले डंख. प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका. हातांवर मात्र दोनचार बारीक लाल गांधी होत्या, त्या हेबोच्या.

"अरे देवा," मी म्हटलं.

बाई पाठीकडे फार वेळ बघत बसल्या नाहीत. त्यांनी काकांचा चेहरा हातात धरला, पापण्या उघडल्या, कानांमागे पाहिलं, केसांतून बोटं फिरवली.

"फुमिए, चेहरा बघ ह्यांचा."

"काय झालंय चेहऱ्याला?"

"काही नाही झालेलं," बाई म्हणाल्या. "तेच तर म्हणतेय."

२

तोमोया दुपारी चौकीत येऊन बसला. ग्योसाकुकाकांच्या धाकट्या भावाचा मुलगा. चाळिशी गाठलेली, पण काकांच्या मागे पाटी घेऊन फिरणारा पोरगाच तो अजून. रडून डोळे लाल झाले होते आणि ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन.

"वहिनीनेच केलंय," तो म्हणाला. "मोठ्या गांधीली हेबो खायला पेट्यांवर हल्ला करतात ह्या दिवसांत. काका रोज पहाटे बघायला जातात, हे तिला ठाऊक. टोपी लपवली, झाकण उघडून ठेवलं, झालं काम."

"कशासाठी करेल रे?" ह्यांनी विचारलं.

"कंटाळली म्हाताऱ्याचं करून. नवरा गेल्यावर ओसाकाला परत जायचं सोडून इथे चिकटली, आता सुटका हवी. मी काल इथे असतो ना, तर काकांना एकटं सोडलं नसतं. पण मंडपाचं कापड आणायला शहरात जावं लागलं. सगळा दिवस त्यातच गेला."

"टोपी जुनीच होती ना? फाटली असेल कुठे."

"जुनी कसली? नवी जाळी होती तिला. पांढरी, विरळ. एक छिद्र नव्हतं. आज बरी फाटली." त्याने मी ठेवलेला चहा एका घोटात संपवला आणि तोंड भाजलं तरी बोलत राहिला. "ओबोनच्या सणाला काका सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या जागा मी सुमिकाला दाखवणार. ऐकलं होतंत ना तुम्ही?"

ऐकलं होतं. डोंगरात हेबोची पोळी कुठे लागतात ते आमच्याकडे पोटच्या पोरालाही कोणी सांगत नाही. काका ते परगावच्या सुनेला सांगणार म्हटल्यावर सगळ्या पंगतीचे घास हातात राहिले होते.

सुमिकाकडे मी स्वतः गेले. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तिचं कोणी नाही आता. नवरा गेला, माहेरची दारं लग्नाच्या वेळीच बंद झाली, आणि हा सासरा एवढाच उरलेला. त्यालाच मारायला निघाल्याचा आरोप.

"टोपी कशी फाटली गं?"

"बाबांनी शिवायला दिली."

"कधी दिली? कशाने फाटली?"

तिने गुडघे जवळ ओढून घेतले.

"तोमोया म्हणतो नवी जाळी होती."

"हो. मी परवा रात्री लावली. काल उजाडायच्या आत बाबा ती घालून गेले."

"जुनी काळी जाळी तर चांगली होती. मी पाहिलीय. बदललीस का?"

"ते मला विचारू नका, फुमिएताई." तिने मान खाली घातली. "मला धरून नेलं तरी चालेल."

असा राग आला मला. मी तिला वाचवायला आलेली आणि ही तोंडाला कुलूप लावून बसलेली.

"काल संध्याकाळी कसे होते ते?"

"अंगात कसर आहे म्हणाले. जेवले नाहीत. आंघोळही नको म्हणाले. घरात पहिली आंघोळ त्यांची असते, कधी चुकली नाही. काल म्हणाले, तू घे, मी असाच निजतो. अंगातला सदराही काढला नाही."

बाहेर पडले तर कुंपणाशी इवाओ. दरवर्षी तराजूवर दुसरा येणारा माणूस तो. ‘यंदा म्हातारा तराजूपाशी दिसणार नाही’ असं त्याने गुत्त्यात बसून सांगितलं होतं आणि आता ते गावभर झालं होतं.

"हरणार म्हणून दिसणार नाही, असं म्हणालो होतो मी," तो चिडून म्हणाला. "इस्पितळात पडलेल्या माणसाला हरवून काय मिळवायचंय? गेली तीस वर्षं मी ह्या एका माणसासाठी काळजाचे तुकडे चिरतोय."

"काल पाहिलंस त्यांना?"

"पाहिलं. दुपार कलल्यावर शेताच्या वाटेने परतत होते, कमरेत वाकून. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे नाही बघत, बुटांकडे बघतो. कुठल्या डोंगरावर जाऊन आला ते कळतं. बुटांना तांबडी माती होती. मला वाटलं, मोठं घबाड लागलंय, म्हणून लपतछपत चाललेत."

घरी आले तेव्हा हे फोन ठेवत होते. चेहरा पडलेला.

"शहरातून साहेबांचा फोन. उद्या सकाळी येऊन सुमिकाला घेऊन जातील."

३

डॉक्टरबाई इस्पितळातून थेट चौकीत आल्या आणि बूट काढता काढताच म्हणाल्या, "चहा कर. भाजक्या पानांचा. आणि विसर त्याला चुलीवर."

मी केला. काळाकुट्ट झाला. त्यांनी पेला उजेडात धरला.

"ग्योसाकुंना नळी लावल्याबरोबर एवढीशी लघवी आली. ह्या रंगाची. मूत्रपिंडं बंद पडलीत. रक्त तपासलं तर त्यात कचरा साठलेला."

"म्हणजे जगणार नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"यंत्रावर रक्त धुताहेत. जगवणार आहे मी त्यांना. पण तुम्ही आधी रंगाचं ऐका. इथली माणसं समजतात की विष म्हणजे विष, टोचलं की मेला. मी नागोयाच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य गांधीलीचं विष वेगळं करत बसले होते. त्यात नुसती आग नसते. बारीक बारीक माळा असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. एकीचं नाव मास्टोपॅरान. चौदा मण्यांची माळ, बस्स. तिला पीळ पडला की एका अंगाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. ओळखीचं वाटतं का काही?"

"साबण," मी म्हटलं. साठलेल्या ताटांशी रोजचाच संबंध माझा.

"शाबास. पेशीची भिंत तेलकट असते. ही माळ तिच्यात घुसते. काही पेशींना नुसती चिथावते, मग त्या आतली खाज, सूज, ठणका सगळा ओतून देतात. ते लगेच होतं, डंखासरशी. एकदोन डंख असले तर तिथेच संपतं. पण मोठ्या गांधीलीचे वीसेक डंख पाठीवर घेतले तर विष रक्तात फिरतं. त्यातली ही माळ आणि तिच्या जोडीची इतर विषं मिळून तांबड्या पेशी फोडतात, स्नायू विरघळवतात. तो सगळा राडा मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन बसतो. गाळणी तुंबायला वेळ लागतो. रक्तात कचरा साठायला त्याहून जास्त. डंखाचा मधला भाग मरून काळा पडायलाही वेळ लागतो."

ह्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. हे विचार करायला लागले की असंच करतात.

"किती वेळ?"

"सकाळी पेट्यांपाशी डंख झाले असते तर इस्पितळात पोचेपर्यंत रक्त असं दिसलंच नसतं. हे डंख आदल्या दिवसाचे आहेत. सकाळी ते चारा घालायला गेले, झाकण उघडलं आणि कोसळले. हेबो हाताला चावल्या, तेवढंच सकाळचं."

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"मोठी गांधील आधी कुठे जाते? काळ्या केसांवर, डोळ्यांवर. उघड्या डोक्याचा माणूस असता तर चेहरा ओळखू आला नसता. पाठीची चाळण आणि चेहरा कोरा, म्हणजे डंख झाले तेव्हा टोपी डोक्यावर होती. जाळी पळताना झाडोऱ्यात फाटली आणि संध्याकाळी त्यांनी ती सुनेला शिवायला दिली."

आंघोळ का चुकवली, सदरा का काढला नाही, सगळं एका क्षणात कळलं. त्या माणसाने ती सबंध रात्र अंगावर आग घेऊन तोंडातून अवाक्षर न काढता काढली होती.

"पण लपवलं का?" हे म्हणाले. "साहेब मला हेच विचारतील. निरपराध बाई सांगत का नाही आणि डंख झालेला माणूस ओरडत का नाही?"

"ते मला रक्तात सापडत नाही," बाई म्हणाल्या. "तांबडी माती कुठे आहे?"

४

तांबडी माती जुन्या कोळशाच्या भट्टीच्या चढावर आहे. उजाडताच आम्ही निघालो. हे, डॉक्टरबाई, मी आणि वाट दाखवायला इवाओ. इवाओला बाईंनी सांगितलं, की तिथे काय दिसेल ते विसरायचं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या जागेवरून पोळं काढण्यापेक्षा मी दुसराच येईन.

चढाच्या मध्यावर त्याने हात आडवा धरला. पुढे मुठीएवढ्या भोकातून मोठ्या गांधीली ये-जा करत होत्या, अंगठ्याएवढ्या, पिवळ्या डोक्यांच्या. भोकाची कड पायाने ढासळलेली. बाजूला काकांची काठी पडली होती.

"ह्यावरच पाय दिला त्यांनी," इवाओ पुटपुटला. "डोक्यात बसत नाही. हा माणूस वासावरून सांगतो इथे काय आहे ते."

आम्ही लांबून वळसा घातला. बाईंना खाली एका काटेरी झुडपात काहीतरी अडकलेलं दिसलं. पांढऱ्या कापसाचा झुपका, दोऱ्याने बांधलेला. दोऱ्याच्या टोकाला वाळलेल्या मांसाचा तुकडा.

ही आमची रीत. हेबोला मांसाचा कण द्यायचा, त्याला पिसाएवढा कापूस बांधलेला. ती तो घेऊन पोळ्याकडे उडते, आणि माणूस त्या पांढऱ्या ठिपक्यावर डोळे लावून ओढे, बांध, काटे तुडवत मागे धावतो. नजर वर, पाय नशिबावर.

इवाओने झुपका तळहातावर घेतला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा हेबोचा नाही. एवढा कापूस हेबोला उचलायला लावणं म्हणजे माझ्या पाठीवर गोदाम ठेवण्यासारखं. हा मोठ्या गांधीलीला दिलाय. पण ग्योसाकु तिच्या मागे धावेलच कशाला? केवढाली असते ती. कोणालाही दिसेल."

बाई एकदम थांबल्या.

"कोणालाही दिसेल," त्या सावकाश म्हणाल्या. "कापूस दिसला, माशी दिसली नाही." मग माझ्याकडे वळल्या. "मी डॉक्टर आहे, पेशंटचं गुपित मला बोलता येत नाही. पण तू सांग, काळी जाळी काढून सुमिकाने पांढरी, विरळ का लावली?"

मग मला उलगडलं. काकांची नजर अधू झाली होती; दाट काळ्या जाळीतून त्यांना अंधारच दिसत असणार. सुमिकाला ते ठाऊक होतं, आणि तोंड उघडलं तर सगळ्या गावाला कळेल म्हणून ती तुरुंगात जायला तयार होती.

"मग कापूस बांधला कोणी?" ह्यांनी विचारलं. "काकांनी स्वतः एवढा मोठा बांधला नसता."

आणि तेव्हा मला तोमोयाचा चहा आठवला.

"अहो," मी म्हटलं, "जाळी डंख व्हायच्या आदल्या रात्रीच लावली. काका उजाडायच्या आत ती घालून गेले, दुपारी फाटकी घेऊन आले. तोमोया तर दिवसभर शहरात होता. मग पांढरी, विरळ, एक छिद्र नसलेली जाळी त्याने पाहिली कुठे?"

ह्यांनी टोपी काढली.

५

शहरातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तर्क छान आहे. पण तो मुलगा म्हणेल, वहिनीने शिवताना दाखवली होती. म्हातारा शुद्धीवर आलाय ना? त्याला सांगू दे."

इस्पितळात काकांच्या खाटेभोवती आम्ही सगळे उभे राहिलो. सुमिका पायाशी, तोमोया उशाशी. इवाओही आला होता, नको म्हटलं तरी. काकांचा रंग मेणासारखा झाला होता. खाटेशेजारी यंत्र रक्त फिरवत होतं.

"ग्योसाकुसाहेब, डंख कुठे झाले?" साहेबांनी विचारलं.

"पेट्यांपाशीच ना, काका?" तोमोया घाईने म्हणाला. "तुम्ही तर रोज पहाटे..."

काका छताकडे बघत राहिले. तोमोयाच्या खांद्यांवरचा भार उतरलेला मला दिसला. त्याला खात्री होती. हा म्हातारा मरेल, पण आपल्याला दिसत नाही हे इवाओसमोर कबूल करणार नाही.

"बाबा, राहू द्या," सुमिका म्हणाली. "काही सांगू नका. माझं मी बघेन."

"तुझं काय बघणार तू?" काकांचा आवाज खरखरीत निघाला. "साहेब, हिला नेणार होता ना तुम्ही?"

"सांगितलं नाहीत तर न्यावं लागेल."

काकांनी मान वळवली. इवाओ कुठे उभा आहे ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते नुसत्या अंदाजाने दुसऱ्याच भिंतीकडे बघून बोलले.

"इवाओ, ऐक. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. भट्टीच्या चढावर तोमोया ओरडला, काका, कापूस उडाला. मला कापूस दिसला. माशी दिसली नाही. धावलो. घरी येऊन काय सांगणार होतो? ग्योसाकु मोठ्या गांधीलीला हेबो समजला?"

इवाओ ओठ चावून खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

तोमोया खाटेच्या दांड्याला धरून खाली बसला.

"मला मारायचं नव्हतं हो," तो म्हणाला. "ते तिच्यामागे जातील, कोणीतरी बघेल, म्हाताऱ्याची नजर गेलीय हे गावाला कळेल. मग डोंगरात जायला त्यांना मीच लागलो असतो, जागा मला मिळाल्या असत्या. लहानपणापासून मी ह्यांच्या मागे धावलोय. आणि जागा कोणाला? जिला आपल्या डोंगरांची नावंही येत नाहीत, तिला."

"आणि ते पोळ्यात पडले तेव्हा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पळालो."

"त्याच दुपारी माझ्याकडे आणलं असतंस तर सलाईनच्या बाटल्यांवर भागलं असतं. गाळणी तुंबलीच नसती. तू पळालास, घाबरलास, ते मी समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी चौकीत बसून हिच्यावर बोट ठेवलंस, तेव्हा तू घाबरलेला नव्हतास."

साहेब तोमोयाला घेऊन गेले. मला त्याची दया आली नाही, आणि आली नाही ह्याचं वाईटही वाटलं नाही.

रविवारी तराजूवर इवाओचं पोळं सर्वांत जड भरलं. पहिल्याचं निशाण त्याने घेतलं नाही. म्हणाला, म्हातारा उभा राहू दे, मग घेईन.

काका थंडीभर इस्पितळात ये-जा करत राहिले आणि मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली. बाईंनी जगवणार म्हटलं होतं, जगवलं.

उन्हाळ्यात एकदा मी डोंगरात रानभाजी खुडत होते, तर वरच्या बांधावर काका उभे दिसले. हातात नवी काठी, मान एका बाजूला कललेली. खालून सुमिका धावत होती, डोळे आभाळाला लावून.

"कापूस कुठे गेला?" काका ओरडले.

"ओढ्यावरून, उजवीकडे, बाबा."

"मग पुढे पाच पावलांवर खड्डा आहे, डावा पाय जपून टाक. वाकडं देवदार दिसलं?"

"दिसलं."

"थांब तिथे. आता तो खाली उतरेल. उतरला?"

ती थांबली. तिने वर पाहिलं, मग झाडाच्या मुळाशी पाहिलं.

"उतरला, बाबा."

काका काठी टेकून हसले. मी भाजीची टोपली उचलली आणि आवाज न करता मागे फिरले. ते देवदार नक्की कुठे आहे ते मी इवाओला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.